छोट्या कोर्समधली

मंगळवार, ४ नोव्हेंबर

धाकटे,

हे पत्र फाडायच्या आधी एवढं वाच. तुझी लेक माझ्या वॉर्डात दाखल आहे, आठवा महिना संपत आलाय आणि तिची तब्येत चांगली नाही. आता फाडायचं तर फाड.

फोन तू माझाही उचलत नाहीस आणि जावयाचाही. त्याचा नंबर तर तू बंदच करून टाकलायस म्हणे. म्हणून हा कुरियरचा खटाटोप. पोरीने मला बजावलंय की आईला कळवायचं नाही. आईसाठी मी संपलेय, तर संपलेलीच बरी, असं म्हणते. हे असलं बोलणं ती कुणाकडून शिकली ते मी सांगायला नको. तीन वर्षांपूर्वी तिच्या लग्नाच्या कागदावर मी साक्षीदार म्हणून सही केली, त्याचा राग माझ्यावर ठेव. मी मरेपर्यंत ठेव. पण निदान आत्ता तिच्याकडे ये.

काल दुपारी डोकं दुखतंय म्हणून स्वतःच्या पायाने चालत आली. पाय सुजलेले, तोंड असं फुगलेलं की डोळे शोधावे लागत होते. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली आणि वर हसली. रक्तदाब इतका होता की मशीन बिघडलंय समजून मी पुन्हा हाताने मोजला. मशीन ठणठणीत होतं. लघवीतून प्रथिनं जातायत. हे गरोदरपणातलं दुखणं आहे, कुणाला का होतं ते नीट कुणालाच माहीत नाही. भीती असते ती झटक्यांची. झटके सुरू झाले की कधी बाळ जातं, कधी बाई, कधी दोघंही. उपाय एकच, बाळंतपण उरकून टाकायचं, आणि ते होईपर्यंत न् झाल्यावरही झटके येऊ नयेत म्हणून शिरेतून मॅग्नेशियम द्यायचं.

आता इथे तुला एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. हे औषध बाळंतपणानंतर चोवीस तास चालू ठेवायची जुनी पद्धत आहे. पण ते सोसवत नाही. अंगाची आग होते, मळमळतं, आणि मूत्रपिंडांनी बाहेर टाकलं नाही तर अंगात साठत जाऊन श्वास बंद पाडतं. म्हणून गेल्या वर्षापासून मी इथे एक अभ्यास चालवतेय. निम्म्या बायकांना चोवीस तासांचा पूर्ण कोर्स, निम्म्यांना सहा तासांचा छोटा. कुणाला कुठला ते बंद पाकीट ठरवतं. ते फोडेपर्यंत मलाही माहीत नसतं. बाईने हो म्हटलं तरच घ्यायचं, नाही म्हटलं तर पूर्ण कोर्स द्यायचा आणि विषय संपला.

मी पोरीला विचारणारच नव्हते. आपल्या माणसाला आपण हात लावायचा नाही हा माझाच नियम, म्हणून तिला मी आमच्या रजिस्ट्रारच्या, म्हणजे माझ्या हाताखालच्या तरुण डॉक्टरच्या, ताब्यात दिलं. फार उंच आहे, सगळे त्याला लंबू डॉक्टर म्हणतात, मुलगा हुशार आहे. तो तिला कागद देऊन आला. मी धावत जाऊन म्हटलं, ते राहू दे, तुला आपला पूर्ण कोर्स. तर बाईसाहेब उठून बसल्या. तुझ्या लेकीचं काम तुला माहीत आहे का? बाजारात हिंडून दुकानांची वजनमापं तपासते. वजनाला कमी भरलं की दंड. दुकानदार तिला वकिलीणबाई म्हणतात.

"मावशी," मला म्हणाली, "बाकीच्या बायकांना तू हाच कागद वाचून दाखवतेस ना? तेव्हा असाच आवाज कापतो का गं तुझा?"

बाकीच्या बायकांच्या वेळी माझा आवाज अजिबात कापत नाही. तिने सही केली आणि लंबूला पेन परत दिलं.

उद्या सकाळी सिझेरियन आहे. मी तुला हातापाया पडून सांगतेय, निघ.

ताई


बुधवार, ५ नोव्हेंबर

धाकटे,

तू आजी झालीस. मुलगी आहे. वजनाला जेमतेम, पण घसा असा की शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर जावयाला कळलं. तिला काचेच्या पेटीत ठेवलंय, चार-आठ दिवसांत बाहेर येईल. वकिलीणबाई भुलीतून बाहेर आल्या आल्या वजन काट्यावर केलं की अंदाजाने, असं विचारत होत्या. माझ्या जिवाचं पाणी झालं होतं आणि हिला काटा हवा.

पाकिटात छोटा कोर्स निघाला. मी तुझ्याशी खोटं कशाला बोलू, पाकीट फोडताना पूर्ण कोर्स निघावा असंच मला वाटत होतं. मोठ्या सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या मुख्य परिचारिका. आम्ही दोघी एकाच वर्षी इथे लागलो. माझ्या रात्रपाळ्या, माझी मोडलेली लग्नं, म्हणजे एकच मोडलं पण दुसरं ठरता ठरता राहिलं, सगळं त्यांना माहीत. त्यांनी तो कागद माझ्या हातातून घेऊन फायलीला लावला.

पण काळजी करू नकोस. संध्याकाळी रक्तदाब बराच खाली आला. झटका नाही, काही नाही. सलाइन चालू आहे. मोठ्या सिस्टरनी आज घरी न जाता तिच्या खाटेजवळ खुर्ची टाकलीय. त्या असल्या की मी निर्धास्त असते.

कुरियरवाला सकाळी येतो, म्हणून या पत्राचं पाकीट अजून बंद केलेलं नाही. गुरुवार सकाळ: आत्ताच बघून आले. थोडी सुस्त आहे. दोन दिवसांचा ताण, पोटाला टाके, झोप यायचीच. मी सगळ्यांना सांगितलंय, तिला उठवू नका.

तू निघालीस का?

ताई


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

धाकटे,

जावयाने तुझ्या शेजाऱ्यांकडून निरोप पोचवलाय, तेव्हा तुला कळलं असेल. काल सकाळी साडेदहाच्या सुमारास ती गेली. मी तिथे होते.

हे दुखणं फसवं असतं. बाळंतपण झालं म्हणून सुटलो असं होत नाही. अचानक श्वास मंद झाला आणि थांबला. लंबू डॉक्टरला मेंदूत रक्तस्राव वाटला. तोंडावर हाताने दाबायचा रबरी फुगा लावून श्वास देत तिला स्कॅनला न्यायला निघाले, लिफ्टपाशी हृदय थांबलं. आम्ही खूप प्रयत्न केले. कुणाचा हलगर्जीपणा नाही. कागदावर गरोदरपणातल्या रक्तदाबाची गुंतागुंत असं लिहिलंय.

बाळ छान आहे. जावई पेटीच्या काचेला हात लावून बसलेला असतो. जेवायला उठवलं तर उठतो, बसवलं तर बसतो.

तू अंत्यविधीला आली नाहीस याबद्दल मी तुला कधीच काही म्हणणार नाही.

ताई


गुरुवार, १३ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं पत्र आलं. तीन वर्षांत पहिलं. चार ओळी.

तू लिहितेस की मी तिला निम्म्या औषधावर ठेवून मारलं. स्वतःच्या नावासाठी पोरीवर प्रयोग केला. पूर्ण औषध दिलं असतं तर ती जगली असती, आणि ते दिलं नाही म्हणून तू मला कोर्टात खेचणार आहेस.

कोर्टात खेच. पण बरोबर गोष्टीसाठी खेच.

इथेही सगळे तेच बोलतायत. वॉर्डातल्या बायकांत कुजबुज आहे की मॅडमची स्वतःची भाची छोट्या कोर्समध्ये गेली. कालपासून एकही बाई सही करायला तयार नाही. मंगळवारी बाहेरच्या डॉक्टरांची समिती बसणार आहे. असा मृत्यू झाला की ती बसतेच, छोटा कोर्स चालू ठेवायचा की बंद करायचा ते ठरवायला. तो बंद झाला की पुन्हा सगळ्यांना चोवीस तास. आणि मी मूग गिळून बसले तर तो बंद होणार.

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. खोटं म्हणजे, लिहिलं ते घडलं, पण त्यातलं मुख्य गाळलं.

बुधवारी दुपारी तिचा कोर्स संपला. नियमाप्रमाणे औषध थांबलं. पूर्ण कोर्सवाल्या बाईवर आमची कडक नजर असते. ठरल्या वेळी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघायचं, श्वास मोजायचे, लघवी मोजायची. यातलं एक जरी बिनसलं तरी औषध बंद करायचं. उशाला कॅल्शियमची कुपी चिकटवलेली असते, कारण मॅग्नेशियम अंगात जास्त झालं तर तोच उतारा आहे. कोर्स संपला की हातोडी बंद, मोजामोजी सैल, आणि कुपीही काढून नेतात. तिची नेली.

संध्याकाळी मी तिला बघायला गेले. ती जावयाशी बोलत होती, तिची माझ्याकडे पाठ होती. मोठ्या सिस्टर खाटेच्या पलीकडे सलाइनच्या बाटलीत सुई घालून काहीतरी सोडत होत्या. ट्रेमध्ये फोडलेल्या कुप्या होत्या. धाकटे, मॅग्नेशियमच्या त्या कुप्या मी बारा हातांवरून ओळखते. त्यांनी मान वर केली. आमची नजरानजर झाली.

मी बेसिनकडे वळले आणि हात धुतले. ते आधीच धुतलेले होते.

मी विचारलं असतं की हे काय चाललंय, तर त्यांनी ती बाटली काढली असती. मी विचारलं नाही, कारण ते थांबावं असं मला वाटतच नव्हतं. वर्षभर मी परक्या बायकांना सांगत आले की छोटा कोर्स पुरतो. आणि घरची पोर खाटेवर आल्याबरोबर माझा माझ्याच बोलण्यावर विश्वास उरला नाही. आपल्या माणसाच्या पानात लोक न मागता जास्त वाढतात, तसं मोठ्या सिस्टरनी केलं. मला न विचारता केलं, म्हणजे मला नाही म्हणावं लागू नये. इतकी वर्षं आम्ही एकमेकींना सांभाळत आलो ते असंच.

कागदावर मात्र औषध बंद होतं. त्यामुळे कुणी हातोडी मारली नाही. लघवी कमी होत चालली होती, ते लंबूने पाहिलं, पण या दुखण्यात पहिल्या दिवशी कमीच होते म्हणून सोडून दिलं. त्याला काय माहीत की बाटलीतून तासातासाला औषध आत जातंय आणि बाहेर काहीच पडत नाहीये. सकाळी ती सुस्त होती, मी म्हटलं झोपू द्या. मोठ्या सिस्टर रात्रभर तिच्या पांघरुणाच्या घड्या सारख्या करत बसल्या होत्या. त्यांना वाटलं गाढ झोपलीय.

श्वास थांबला तेव्हा मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होते. धावत आले. लंबू फुगा दाबत होता आणि रक्तस्राव, स्कॅन, लिफ्ट थांबवा, असं ओरडत होता. खाटेच्या पलीकडून मोठ्या सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. मला कळलं होतं. त्यांनाही कळलं होतं. एकच शब्द बोलायचा होता, कॅल्शियम. पण तो शब्द बोलले असते तर सगळ्यांसमोर ठरलं असतं की बाटलीत काय आहे ते मला माहीत होतं.

मी स्ट्रेचर जाऊ दिलं.

वॉर्डाच्या दारापासून लिफ्टपर्यंत एक सरळ लांब बोळ आहे. तो पार होईपर्यंत मी गप्प राहिले. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा ओरडले. कुपी तिच्या उशाला नव्हती, शेजारच्या बाईच्या उशाची काढून आणावी लागली. ती येईपर्यंत हृदय थांबलं होतं.

लंबूला मी सगळं सांगितलंय. तो म्हणतो की फुगा चालू होता, त्या दोन मिनिटांनी काही फरक पडला नसता. मुलगा चांगला आहे. मला मात्र वाटतं की पडला असता.

तू मला निम्म्या औषधासाठी दोष देऊ नकोस. ती जास्तीने गेली. आणि ते जास्तीचं तिला फक्त माझी भाची म्हणून मिळालं. दुसरी कुणी असती तर तिला ठरलेलं मिळालं असतं.

ताई


बुधवार, १९ नोव्हेंबर

धाकटे,

समितीच्या आधी जावयाला सांगितलं. बाळ आता पेटीतून बाहेर आलंय, त्याच्या मांडीवर होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. तिला त्रास झाला का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, शेवटी नाही झाला. मग तो उठून खोलीबाहेर गेला आणि तेव्हापासून मला बाळाजवळ येऊ देत नाही. त्याचं बरोबर आहे. तो वायरमन आहे म्हणून तू त्याला दारात उभं केलं नाहीस. बाळाला दूध पाजताना तो आधी थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून बघतो, आणि तेही दोनदा. एवढं तुला सांगून ठेवते.

मोठ्या सिस्टरना समितीच्या आदल्या दिवशी सांगितलं की मी काही लपवणार नाही. त्या म्हणाल्या, "सांगा मॅडम. पण मी तुमच्यासाठीच केलं हो." ते खरं आहे, म्हणून मला त्यांच्यावर ओरडताही आलं नाही. त्यांनी टेबलावरच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि त्या गेल्या. नोकरी जाईल, कदाचित आणखीही काही होईल. माझंही होईल. मला निलंबित केलंय, हे पत्र घरून लिहितेय. चौकशी लागेल. तुझ्या वकिलाला माझं मागचं पत्र दे, मी नाकारणार नाही.

काल समितीसमोर सगळं सांगितलं, लिफ्टच्या बोळासकट. पाच जण होते. मधला म्हातारा सर्जन चष्मा काढून डोळे चोळत बसला. मला वाटलं, आता निदान हिशेब तरी नीट होईल. मी म्हटलं, तिला पूर्ण कोर्स मिळाला, नव्हे पूर्णपेक्षा वाईट, कारण नजर नव्हती. तेव्हा तिचा मृत्यू छोट्या कोर्समधून काढा.

म्हाताऱ्याने मलाच विचारलं, असा नियम आहे का?

नाही. नियम मी लिहिलाय. पाकिटात जे निघालं त्याच गटात बाईला मोजायचं, मग पुढे तिला काहीही मिळालं असो. नाहीतर डॉक्टर लोक आपल्या सोयीने इकडची बाई तिकडे करतात आणि अभ्यासाचं मातेरं होतं. हे मी दर वर्षी नव्या मुलांना घसा फोडून शिकवते. लंबूला मीच शिकवलं. तो खाली मान घालून बसला होता. त्यामुळे तुझी लेक छोट्या कोर्समध्येच मोजली गेली. छोटा कोर्स, मृत्यू एक. पूर्ण कोर्स, मृत्यू एकही नाही. खाली बारीक अक्षरात माझी कबुली छापतील, ज्याला वाचायची असेल तो वाचेल.

अभ्यास सध्या थांबवलाय. आज वॉर्डात सगळ्यांना चोवीस तासांचा कोर्स चालू असेल. वकिलीणबाईने सही केली होती ती आपलं खरं मोजलं जावं म्हणून. मला तिला तेवढंही देता आलं नाही.

तू येणार असल्याचा निरोप जावयाने दिला. ये. मी समोर येणार नाही. बाळाला बघ, त्याच्याशी बोल, तो तुला आत घेईल, तेवढं त्याचं मन मोठं आहे.

एक गोष्ट मी समितीला सांगितली नाही, जावयालाही नाही. ती तुझी आहे.

गुरुवारी सकाळी मी तिला बघायला गेले तेव्हा ती सुस्त होती असं मी तुला लिहिलं होतं. ती जागी होती. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, मावशी, आईला फोन लाव, मला बोलायचंय. शब्द जड येत होते, एकमेकांत अडकत होते. दोनदा म्हणाली तेव्हा ती काय म्हणतेय ते मला कळलं. औषध अंगात जास्त झालं की जीभ अशीच जड होते. ही पहिली खूण, श्वास थांबायच्या कितीतरी आधी दिसते, आणि ती मी इतकी वर्षं शिकवत आलेय. त्या क्षणी मी ती ओळखली असती तर वेळ होता. मला फक्त एवढंच ऐकू आलं की पोर विरघळलीय, आईला हाक मारतेय, आणि मला आनंद झाला. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला. म्हटलं, आत्ता झोप, उठलीस की लावते.

तुझा नंबर माझ्या हातातल्या फोनवर होता. मी लावला नाही.

ताई